कच्च्या पाल्याचं बी

माझ्या बापाचा हात आधी चालायचा आणि तोंड नंतर. चांदभाई नालबंद म्हटलं की केडगावपासून पार भीमेच्या काठापर्यंतचे शेतकरी दोन गोष्टी सांगायचे. एक, त्याने मारलेली पत्री सहा महिने हलत नाही. दोन, त्याच्या नादी लागू नका. दोन्ही खऱ्या होत्या. तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती, आणि ती सांगायला आता मीच उरले आहे. माझा चुलतभाऊ रिजवान आहे म्हणा, पण त्याला आजही तो विषय काढला की चहा गार होईपर्यंत बोलता येत नाही.

लोक बापाला ‘ते’ म्हणतात. समोर मीही अब्बा, तुम्ही, असंच म्हणायचे. लिहिताना ‘तो’ म्हणणार आहे. ज्यांना आवडणार नाही त्यांनी पुढे वाचू नये.

बैलाला पत्र्या मारताना ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. उभ्या बैलाच्या खुरात खिळा ठोकता येत नाही, आधी त्याला पाडावं लागतं. पायांत दोर गुंतवायचा, एकाने शेपटीकडून रेटायचं, आणि दोर असा हिसकायचा की दहा मणांचं जनावर धाडकन कुशीवर येतं. मग चारी पाय एकत्र आवळायचे, मानेवर एक माणूस बसवायचा, खूर तासायचे आणि प्रत्येक पायाला दोन लोखंडी पत्र्या ठोकायच्या. बैल हंबरतो, मुततो, डोळे पांढरे करतो. आमचं घर त्या जागेच्या मागेच होतं, त्यामुळे मी अभ्यास केला तो हाच आवाज ऐकत. अम्मी मी सातवीत असताना काविळीने गेली. तेव्हापासून घर माझ्याकडे, आणि अब्बाचा मारही माझ्या एकटीच्या वाट्याला. भाकरी जाड झाली तरी मार, पातळ झाली तरी मार. घरात आम्ही आमची दखनी बोलायचो, ती मी इथे मराठीतच लिहिते आहे, पण शिव्या तो मराठीत द्यायचा. त्या जास्त लागतात असं त्याचं म्हणणं होतं.

साल त्र्याण्णव असेल. एका शेतकऱ्याच्या बैलाचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. तेव्हा नालबंदच जनावरांचा अर्धा डॉक्टर असायचा. अब्बाने रिवाजाप्रमाणे भांगेचा पाला गुळाच्या पाण्यात उकळून बैलाला पाजला. दुखणं थांबलं, पण बैल तीन दिवस उठलाच नाही. नुसता लाळ गाळत पडून राहिला आणि पेरणी हुकली. चौथ्या दिवशी तो शेतकरी कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आला. अब्बाने त्याचा दात पाडला आणि त्याने अब्बाचं डोकं फोडलं. दोघांनाही मीच हळद लावली.

डोक्याला फडकं बांधून अब्बा रेल्वेच्या रुळाकडेला बसला होता. तिथल्या खड्ड्यांत भांगेची रानटी झुडपं होती आणि आमच्या शेळ्या ती ओरबाडून खात होत्या. रोजच खायच्या. एकीचाही कधी पाय लटपटला नव्हता. हे त्याने इतकी वर्षं पाहिलं होतं, पण डोकं फुटल्यावर त्याच्या लक्षात आलं. शेळी पाला कच्चा खाते. आपण उकळतो.

पुढच्या लंगड्या बैलाला त्याने हिरवा पाला तसाच वाटून चारला. सूज उतरली आणि बैल दुसऱ्या दिवशी औताला गेला. पण त्याच्या पुढच्या बैलाला तेवढाच पाला देऊन काही फरक पडला नाही. दुसरा कुणी असता तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. अब्बाला ते खुपलं. एका झुडपाचा पाला काम करतो आणि शेजारच्या झुडपाचा करत नाही, हा त्याला आपला अपमान वाटला.

तिथून नऊ पावसाळे त्याने तेच केलं. त्याची मोजायची पद्धत त्यानेच काढली. बैलाच्या सुजलेल्या गुडघ्याला सुतळी गुंडाळून गाठ मारायची. तीन दिवस एकाच झाडाचा पाला कच्चा चारायचा. मग तीच सुतळी पुन्हा गुंडाळून दुसरी गाठ मारायची. दोन गाठींत जितकं अंतर, तितकं ते झाड चांगलं. सुतळीला झाडाच्या नंबराचा कागद लावायचं काम माझं, कारण त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. आमच्या आढ्याला अशा शे-दीडशे सुतळ्या लोंबायच्या. पाहुणे आले की हे काय म्हणून विचारायचे. अब्बा त्यांना हाकलून द्यायचा.

झाडांवर माया करणारी माणसं मी पाहिली आहेत. अब्बा त्यातला नव्हता. पावसाळ्याच्या तोंडाला तो शंभर रोपं उगवू द्यायचा आणि दिवाळीपर्यंत त्यातली नव्वद उपटून टाकायचा. कंबरेइतकी, हिरवीगार, काही दोष नसलेली झाडं मुळासकट हिसकून बांधावर आपटायचा. ज्यांच्या पाल्याने सूज हटली नाही ती तर जायचीच, पण ज्यांनी बरी हटवली तीही जायची. फक्त सगळ्यांत उत्तम तेवढी ठेवायची. नर आणि मादी दोन्ही उत्तमातलेच. शेळीच्या केसांच्या कुंचल्याने तो नराचा पराग मादीच्या फुलांवर झटकायचा आणि मग नरालाही उपटायचा. “काम झालं,” म्हणायचा. मला त्याच्या त्या उपटण्याची भीती वाटायची. माझ्याकडे बघतानाही तो कधीकधी तसाच बघायचा.

ही झाडं लावणं कायद्याने गुन्हा आहे हे त्याला ठाऊक होतं. म्हणून ती उसाच्या आत होती, आणि ऊस होता जयसिंगचा.

जयसिंग म्हणजे चाळीस एकर बागायत, नदीकाठी स्वतःचं गुऱ्हाळ, सोसायटीचा चेअरमन आणि शर्यतीच्या बैलांचा शौकीन. तोपर्यंत रांजणगावला कंपन्या आल्या होत्या, पोरं टू-व्हीलर घेऊन शिफ्टला जायला लागली होती, रानात ट्रॅक्टर फिरत होते. नांगराचे बैल हटले आणि त्यांच्याबरोबर नालबंदाचं कामही हटलं. उरले ते शर्यतीचे बैल. जयसिंगच्या पाखऱ्या नावाच्या बैलाचे पाय अब्बाच्या हातात होते, म्हणून उसातल्या दोन सऱ्यांवर जयसिंग डोळेझाक करायचा. त्याला वाटायचं, म्हातारा आपल्यापुरता गांजा लावतो. अब्बाने ते कधी खोडून काढलं नाही. गुपित राखायचं असेल तर माणसाला छोटा गुन्हेगार म्हणवून घ्यायला हरकत नाही, असा त्याचा हिशेब.

रिजवान तेव्हा कुरकुंभला एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला होता. रंगांचे नमुने तपासायचा. भित्रा, पण डोक्याने हुशार. अब्बाने एकदा त्याची गचांडी धरली आणि सांगितलं की माझ्या पाल्यात काय आहे ते तुझ्या कंपनीत बघ. बिचारा जेवणाच्या सुट्टीत चोरून काचेच्या पट्टीवर पाल्याच्या अर्काचे थेंब चढवायचा आणि वर रंग फवारायचा. पट्टी रुमालात गुंडाळून मोपेडवरून आणायचा. पट्टीवर दोन ठिपके दिसायचे, एक खाली आणि एक वर.

“चाचा, हा खालचा म्हंजी आम्ल,” तो पहिल्यांदा सांगत होता तेव्हा मी चुलीपाशी होते. “कच्च्या पाल्यात जवळजवळ सगळं आम्लच असतंय. त्यानं नशा चढत न्हाई. पाला तापवला का आम्ल मोडतंय आन् हा वरचा ठिपका तयार हुतो. वरचा म्हंजी नशा.”

“सूज कशानं उतरती?” अब्बाने विचारलं.

“ते मला काय ठावं? पण तुमच्या सुतळीत जे झाड पहिलं, त्याचाच खालचा ठिपका सगळ्यात मोठा हाय.”

त्या दिवशी अब्बाने रिजवानला स्वतःच्या ताटातली बोटी दिली. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. नालबंदाची सुतळी आणि कंपनीची काच एकच बोलत होत्या.

पण रिजवानने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती खरी धोक्याची. ज्या झाडात कच्चं आम्ल सगळ्यात जास्त, त्या झाडाचा पाला तापवला तर नशाही सगळ्यात जास्त. अब्बाने वर्षानुवर्षं निवडून जे औषधी बी तयार केलं होतं, तेच चुलीवर ठेवलं की तालुक्यात कुणी पाहिला नसेल असा गांजा होता. “हे कुणाला बोलू नका,” रिजवान म्हणाला. अब्बाने त्याच्याकडे असं पाहिलं की बोलणं संपलं.

दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर नवव्या पिढीचं बी हाती आलं. सरबताच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत, राखेत मिसळलेलं. बाकीची सगळी जुनी बियाणी त्याने फेकून दिली. एवढंच ठेवायचं, म्हणाला. पाला सावलीत वाळवून पोत्यात भरला. तो तापू नये म्हणून पोतं पत्र्याखाली नाही, रांजणाशेजारी.

चैत्रात शिरूर तालुक्यातल्या एका जत्रेत शर्यत होती. आठ दिवस आधी पाखऱ्याचा पुढचा गुडघा सुजला. जयसिंगची आई साखरबाई स्वतः आमच्या दारात आली. सत्तरीची बाई, पाखऱ्याला पोटच्या पोरासारखं हाताने भरवायची. अब्बाने तिला चार मुठी पाला बांधून दिला.

“साखराक्का, कोंड्यात कालवून द्या. कच्चाच. चुलीजवळबी न्यायचा न्हाई.”

“बरं बाबा,” ती म्हणाली.

पाखऱ्या लाडावलेला बैल. कडू पाला त्याने रोज हुंगला आणि रोज तोंड फिरवलं. आता गुऱ्हाळवाल्याच्या घरातली बाई काय करणार? त्यांच्याकडे पोराला खोकला झाला, म्हशीचं पोट फुगलं, कसलंही औषध असो, ते काकवीत शिजवूनच पोटात जातं. काकवी म्हणजे गुळाआधीचा पाक. चुलाणावर कढई रात्रंदिवस उकळतच असते. चुलीजवळ नेऊ नका हे तिने ऐकलं होतं, पण चुलाण म्हणजे तिच्या लेखी चूल नव्हतीच, ते गुऱ्हाळ होतं. तिने चारी मुठी काकवीत घट्ट शिजवल्या, कणीक मिसळली, लाडू वळले, आणि शर्यतीच्या सकाळी मायेने एकामागून एक पाखऱ्याच्या तोंडात घातले.

शर्यतीला मी नव्हते. अब्बा पत्र्या बघायला गेला होता आणि त्याला घेऊन रिजवान. त्याने सांगितलं ते असं. जयसिंगचा धाकटा भाऊ पोपट जूला हात लावून बैलांच्या बाजूने पळायचा. गाडा सुटला. घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, अर्ध्यावर पाखऱ्याचे पुढचे पाय दुमडले. जोडीच्या बैलाने त्याला तसंच फरफटत ओढलं, गाडा आडवा उडाला आणि पोपट चाकाखाली गेला. चाक छातीवरून गेलं. लोकांनी गाडा उचलला तेव्हा तो बसायचा प्रयत्न करत होता आणि त्याच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. शिरूरच्या दवाखान्यात पोचायच्या आत तो मेला. पाखऱ्या दुसऱ्या दिवशी उठून चारा खायला लागला.

अब्बाने घाटातच पाखऱ्याच्या तोंडाला नाक लावलं होतं. काकवीचा वास आला आणि त्याला सगळं कळलं. घरी येऊन तो मला एवढंच म्हणाला, “साखराक्कानं पाला शिजवला.”

चौथ्या दिवशी ते आले. जयसिंग आणि त्याची सहा माणसं. ऐन आठवडे बाजार, सकाळी अकराची वेळ. अब्बा एका बैलाचे खूर तासत होता. जयसिंगने पहिला घाव पहारीने त्याच्या बरगड्यांत घातला. अब्बाने हातातलं हत्यार फिरवून एकाचा कान अर्धा उतरवला, पण सहा जणांपुढे एक म्हातारा किती पुरणार? त्याला पाडलं. बैलाला पाडतात तसंच, त्याच्याच दोराने. हात-पाय एकत्र आवळले. मानेवर एक जण बसला.

“बैलाला काय चारलं व्हतंस, सांग,” जयसिंग म्हणाला.

अब्बा मातीत थुंकला.

“पत्री मारा ह्याला.”

मी दारातून धावले, तर एकाने माझी वेणी धरून मला भिंतीवर आपटलं. दुसऱ्याने अब्बाचाच हातोडा उचलला आणि अब्बाचाच खिळा त्याच्या उजव्या टाचेत ठोकला. दोन घाव. मी मोजले. बाजार भरलेला होता. भाजीवाले, शेतकरी, आमच्या मोहल्ल्यातले, त्यांच्यातले, सगळे उभे होते. मला अजूनही त्यातले बरेच चेहरे आठवतात आणि ते रस्त्यात भेटले की मी बघून न बघितल्यासारखं करते. अब्बा ओरडला नाही. त्याने स्वतःचा खालचा ओठ चावून तोडला.

खिळा रिजवानने पकडीने काढला. पोलिसांत ना आम्ही गेलो ना जयसिंग, कारण झाडं त्याच्याच उसात उगवली होती. मी अब्बाच्या टाचेला पोटीस बांधत होते आणि मनात म्हणत होते, माणूस दिसतो तसा नाही, त्याने त्या म्हातारीला वाचवलं. नाव घेतलं असतं तर जयसिंगने आईलासुद्धा सोडलं नसतं. शेवटी मी विचारलंच.

“अब्बा, साखराक्कानं शिजवलं हे तुम्ही का न्हाई सांगितलं?”

त्याने मला वेड्यात काढलं. “सांगितलं असतं तापवल्यानं झालं, तर सगळ्या मुलखाला कळलं असतं, माझं बी काय चीज हाय. टाचेचं काय, टाच भरून येती.”

मला त्याच्या टाचेवरचं फडकं ओढून काढावंसं वाटलं.

पण गुपित राहायचं नव्हतं. पोपटच्या तेराव्यानंतर साखरबाईला ते सहन होईना आणि तिने रडत रडत लेकाला लाडवांचं सांगितलं. मला ती बाई अजून चांगलीच वाटते. जयसिंगने आईच्या कानाखाली मारली, हे आम्हाला नंतर कळलं. पण मारून झाल्यावर तो विचार करायला लागला. चार मुठी पाला, आणि दहा मणांचा बैल आडवा.

तो एकटाच आला. खाटेवर बसला, माझ्याकडे पाणी मागितलं. भाऊ जाऊन महिना झाला नव्हता आणि माणूस पाहुण्यासारखा बोलत होता.

“चांदभाई, झालं गेलं. तुमची चूक न्हवती, मला कळलं. मला त्ये बी पायजे. औंदा दोन एकर उसात लावतो. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक मी बघतो.”

“माझं बी ओढायला न्हाई,” अब्बा म्हणाला.

“परवा येतो. बी न्हाई दिलं तर उजवा हात घिऊन जाईन. बैलाचं खूर तासत्यात तसा बोटापासनं तासीन.”

“हात घे,” अब्बा म्हणाला. “बी न्हाई.”

जयसिंग हसला नाही की चिडला नाही. पाण्याचा तांब्या खाली ठेवून गेला. त्याने टाचेत खिळा ठोकवलेला मी पाहिला होता. हात तासणार म्हणजे तासणार, यात मला शंका नव्हती. अब्बालाही नव्हती. तो दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडत नेहमीसारखा कामाला गेला, जणू हात ही उद्या कुणीतरी मागायला येणार अशी उसनी वाटी होती.

मी दार लावून घेतलं आणि बाटली काढली. परातीत बी पाखडून राख वेगळी केली. मंद जाळावर तवा ठेवला. भाजलेला हरभरा उगवत नाही हे समजायला कुरकुंभच्या कंपनीत जावं लागत नाही. रंग बदलू द्यायचा नव्हता, तडकू द्यायचं नव्हतं, फक्त आतला जीव मारायचा होता. मी हातानेच हलवत राहिले. बोटांना सोसवेना तरी हलवत राहिले. दोन-चार बिया तडतडल्या, त्या वेचून जाळात टाकल्या. नऊ वर्षं पाऊण तासात संपली. वाईट वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. त्या बियांपायी त्याने मला मारलं त्याहून जास्त, त्यांच्यामुळे त्याने माझ्याकडे कधी नीट पाहिलं नाही हे मला लागलं होतं. एक चिमूट न भाजता बाजूला काढावी असं मनात आलं होतं. काढली नाही. काढली असती तर त्याने ती पेरली असती, आणि जयसिंगला वास लागला असता, आणि हे सगळं पुन्हा झालं असतं. बी गार केलं, राखेत मिसळलं, बाटलीत भरून होतं तिथे ठेवलं.

अब्बाला सांगायचं नाही हेही मी ठरवलं. त्याला नाटक येत नव्हतं. जे वाटायचं ते त्याच्या हातात यायचं.

ठरल्या दिवशी जयसिंग दोन माणसं घेऊन आला. त्यांनी अब्बाला कामाच्या जागेवर गुडघ्यावर बसवलं आणि त्याचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला. जयसिंगने खूर तासायचं हत्यार उचललं, अंगठ्याने धार बघितली आणि अब्बाच्या करंगळीच्या टोकावर ठेवलं.

“शेवटचं इचारतो.”

“काप,” अब्बा म्हणाला.

नखासकट टोक गेलं. अब्बाच्या घशातून बैलासारखा आवाज आला. मी घरात गेले, बाटली आणली आणि जयसिंगपुढे धरली.

“दादा, हे घ्या. एवढंच हाय. दुसरं न्हाई. त्यांना सोडा.”

जयसिंगने बाटली उन्हात धरून हलवली. मग अब्बाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या माणसांनी हात सोडला होता. अब्बा उठला. त्याने आधी जयसिंगकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि ऐरणीवरचा हातोडा उचलून माझ्या तोंडावर मारला.

मला आवाज आठवतो, दुखणं नाही. मी पडले तेव्हा माझे दात माझ्या जिभेवर होते. तो दुसरा घाव घालायला वाकला होता. त्याला जयसिंगनेच मागून मिठी मारून धरलं. अब्बाच्या टाचेत खिळा ठोकवणारा तो माणूस ओरडला, “आरं, पोरगी मरंल की.” मग बाटली खिशात घालून तो घाईने निघून गेला. त्याला त्या बियांबद्दल तिळमात्र शंका उरली नव्हती. मेलेल्या बियांसाठी कुठला बाप पोटच्या पोरीचा जबडा फोडतो?

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी माझा जबडा तारेने बांधला. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. रिजवानने कागदावर, बैलाने लाथ मारली, असं लिहून दिलं. घरी आल्यावर अब्बा मला नळीने पेज पाजायचा. करंगळीला फडकं, टाचेला फडकं, बसताना कण्हायचा. माझ्याशी एक शब्द बोलत नव्हता. लाज वाटत असेल, मला वाटायचं. पण मधेच तो बाटलीच्या रिकाम्या कोनाड्याकडे बघायचा आणि नळीत पेज एकदम ओतायचा, तेव्हा कळायचं की तो राग आहे. मी त्याला कागदावर लिहून सांगू शकत नव्हते, त्याला वाचता येत नव्हतं. रिजवानला लिहून देता आलं असतं. मी दिलं नाही. भोगू दे, म्हटलं.

मृगात जयसिंगने पेरलं. पंधरा दिवस झाले, एक अंकुर नाही. मुंग्यांनी नेलं म्हणून त्याने वाटेकऱ्याला झोडपून त्याचा हात मोडला. वाटेकऱ्याचा हात माझ्यामुळे मोडला, हे मी मान्य करते. ती बातमी रिजवानने दारातूनच सांगितली आणि मोपेड वळवून निघून गेला. माझ्या तारा आदल्या दिवशीच काढल्या होत्या.

अब्बा भिंतीला टेकून बसला होता. त्याने चुलीकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे.

“भाजलंस?”

मी मान डोलावली.

“म्हंजी जयसिंगला काय गावलं न्हाई.” त्याचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या कामाने तो असा उजळला नव्हता. तो हातांवर रेटत माझ्याजवळ सरकला आणि अगदी हळू, लाडाने म्हणावं तसं, विचारलं, “सायमे, चिमूटभर तरी ठेवलं असशील ना?”

सहा आठवड्यांत मी बोललेला पहिला शब्द तो. जबडा हलत नव्हता, तरी स्पष्ट निघाला.

“न्हाई.”

टाचेत खिळा गेला तेव्हा तो रडला नव्हता. मी थुंकलेले माझे दात त्याने स्वतः जमिनीवरून वेचले होते, तेव्हाही नाही. आता तो गुडघ्यांत डोकं घालून लहान पोरासारखा हुंदके देत रडला, आणि मी उठून त्याच तव्यावर त्याच्यासाठी भाकरी टाकली.